पन्नास वर्षांचं विमान आजही सुरक्षित उडतं, ते कसं?

गेल्या वर्षीची गोष्ट. मी अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरी करतो. माझ्या टीममधल्या एका सीनियर सहकाऱ्याकडे स्वतःचं विमान आहे. वयाने तो माझ्या बाबांएवढा, पण इथे ऑफिसात सगळेच एकमेकांना एकेरी हाक मारतात. एका शनिवारी त्याने विचारलं, "येतोस का चक्कर मारायला?" मी अर्थातच हो म्हटलं.

विमानतळावर पोचलो तेव्हा कळलं की विमान १९७४ सालचं आहे. सेसना १७२, चार सीट्स, एक इंजिन. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठं! आकाश निरभ्र होतं, वारा नव्हता. आम्ही आत बसलो, इंजिन सुरू झालं, धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबलो. तिथे त्याने एक किल्ली फिरवली, काट्याकडे पाहिलं, परत फिरवली. दोन-तीन मिनिटं काहीतरी करून बघितलं आणि म्हणाला, "आज नाही उडायचं." आणि विमान वळवून परत हँगरमध्ये!

मला वाटलं, जुनं विमान आहे, बिघडणारच. पण त्या दिवशी मला जे समजलं ते बरोबर याच्या उलट होतं. एवढं जुनं विमान सुरक्षित का राहतं, याचं उत्तर त्या "आज नाही"मध्येच आहे. कसं ते बघू.

इतकी जुनी विमानं अजून उडतात तरी का?

सेसना १७२ चं उत्पादन १९५६ मध्ये सुरू झालं आणि आजवर ४४,००० हून जास्त विमानं बनली. जगात दुसऱ्या कुठल्याही मॉडेलची एवढी विमानं बनलेली नाहीत. पण १९८६ मध्ये कंपनीने हे मॉडेल बनवणं थांबवलं. अपघात झाला की वीस-तीस वर्षं जुन्या विमानासाठीही उत्पादक कंपनीवर दावा व्हायचा, आणि तो खर्च परवडेनासा झाला होता. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि साधारण १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानांसाठी उत्पादकाची जबाबदारी मर्यादित झाली. त्यानंतर १९९६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं.

मधल्या दहा वर्षांत नवीन १७२ बाजारात आलंच नाही. पुढे आलं ते इतकं महाग, की सामान्य नोकरदार माणसासाठी विमान म्हणजे सत्तरच्या दशकातलं सेकंडहँड विमान, असंच समीकरण झालं.

जबाबदारी कोणाची?

आपल्याला वाटेल मेकॅनिकची. पण अमेरिकेच्या नियमांनुसार विमान उडण्यालायक स्थितीत ठेवण्याची पहिली जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची असते. मेकॅनिक तपासतो, दुरुस्त करतो, सही करतो. पण कधी काय तपासायचं, हे लक्षात ठेवणं मालकाचं काम.

यातली सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे वार्षिक तपासणी, दर १२ महिन्यांनी. ती कुठलाही मेकॅनिक करू शकत नाही. त्यासाठी एफएएकडून तपासणीचा खास अधिकार मिळालेला मेकॅनिक लागतो. विमानाची झाकणं उघडली जातात, सीट्स बाहेर निघतात, आतल्या केबल्स, पुली, चाकं, ब्रेक्स, गंज, भेगा, सगळं बघितलं जातं. विमान भाड्याने चालत असेल तर याशिवाय दर १०० तासांनी आणखी एक तपासणी.

इंजिनाची एक चाचणी समजायला सोपी आहे. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडतात आणि आत किती दाब टिकतो ते मोजतात. ७२ टिकला तर लिहितात ७२/८०. उरलेली हवा कुठून निसटते, ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग्ज झिजल्यात. स्टेथोस्कोप नसलेला डॉक्टरच म्हणा ना!

एकाच्या अपघातातून सगळ्यांना धडा

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, थोडक्यात एडी. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष सापडला की एफएए आदेश काढते. त्या मॉडेलच्या प्रत्येक मालकाने तो पाळायचाच, विमान कितीही जुनं असो. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा सक्तीचा सिक्युरिटी पॅच. फरक इतकाच, की इथे "रिमाइंड मी लेटर" असं बटण नसतं.

उदाहरण बघा. सेसनाची सीट पुढे-मागे सरकते. खाली रूळ असतो, रुळाला भोकं, आणि सीटची पिन भोकात अडकते. वर्षानुवर्षं वापरून भोकं लांबट होतात, पिन झिजते. आता विचार करा. टेकऑफसाठी पूर्ण ताकद दिली, विमान पुढे झेपावलं आणि पिन सुटून सीट सर्रकन मागे गेली. पायलटचे पाय पॅडलवरून सुटतात. हातात स्टिअरिंगसारखा योक असतो, तो आधारासाठी घट्ट धरला की मागे ओढला जातो. योक ओढला की नाक वर. जमिनीपासून जेमतेम वर असताना हे घडलं तर सावरायला वेळच नाही.

असे जीवघेणे अपघात झाले. म्हणून १९८७ मध्ये आदेश निघाला आणि २०११ मध्ये त्याच्या जागी नवा आला. आजही रूळ, भोकं, पिन हे दर १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, तपासावं लागतं. सीटच्या एका पिनसाठी एवढं! पण माझा सहकारी आजही सीट लावल्यावर अंग मागे-पुढे करून ती खरंच अडकली का ते बघतो.

लॉगबुक: विमानाची गिट हिस्टरी

केलेलं प्रत्येक काम तारीख, तास आणि सहीनिशी लॉगबुकमध्ये जातं. विमान विकत घेताना लोक रंगाच्या आधी लॉगबुक बघतात, कारण नोंदी हरवल्या की विमानाची किंमत कोसळते. काम झालंही असेल, पण कोणी, कधी, कोणता भाग लावून केलं हे सिद्ध करता येत नाही. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये "हे कोणी आणि का लिहिलं?" असा प्रश्न पडतो तेव्हा कमिट मेसेज वाचतात. इथेही तेच, फक्त चूक झाली तर सर्व्हर नाही, विमान खाली येतं.

खरा शत्रू वय नाही, उभं राहणं

पावसाळाभर झाकून ठेवलेली स्कूटर सुरू करताना काय होतं ते आपल्याला माहीत आहे. विमानाचं त्याहून वाईट होतं. या विमानात लायकॉमिंग कंपनीचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. त्यात कॅमशाफ्ट हा भाग इंजिनात वरच्या बाजूला असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं आणि उघड्या लोखंडावर दमट हवेने गंज चढतो. पुढे तो गंजलेला भाग घासून झिजतो आणि धातूचा चुरा ऑइलमध्ये फिरायला लागतो. म्हणून ऑइल बदलताना फिल्टर कापून आतला कागद उलगडतात आणि चुरा आहे का ते बघतात.

यावर उपाय म्हणून काही जण इंजिन उभ्या उभ्या पाच मिनिटं चालवतात. ही तर मोठी चूक! तेवढ्यात ऑइल पुरेसं तापत नाही, उलट ज्वलनातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. नियमित उडवणं हाच उपाय. ऑइल बदलायचं फिल्टर असेल तर दर ५० तासांनी, पण विमान कमी उडत असेल तरी दर ४ महिन्यांनी.

ऑइल बदलणं, टायर बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं अशी ठरावीक कामं पायलट-मालक स्वतः करू शकतो. नोंद मात्र त्यालाही करावीच लागते.

उडण्याआधीची दहा मिनिटं

प्रत्येक उड्डाणाआधी पायलट विमानाभोवती फेरी मारतो. त्यातल्या काही गोष्टी:

- पेट्रोलमधलं पाणी: जुन्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत शिरतं. पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून उजेडात धरायचं. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी खाली वेगळं दिसतं.
- किती पेट्रोल आहे: जुन्या काट्यांवर कोणी भरवसा ठेवत नाही. टाकीत मोजपट्टी बुडवून बघतात. या विमानात वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन आणि खर्च तासाला साधारण ८ गॅलन, म्हणजे हिशोब डोक्यात करता येतो.
- योक आणि पंख: योकवर अंगठे वर करून तो डावीकडे फिरवायचा. अंगठे ज्या पंखाकडे झुकतील, त्या पंखाच्या मागची पट्टी वर जायला हवी. दुरुस्तीत केबल्स उलट्या जोडल्या गेल्या असतील तर इथेच पकडल्या जातात.
- कार्बन मोनॉक्साइड: केबिन हीटरची गरम हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवतालच्या आवरणातून येते. मफलरला भेग पडली तर विषारी वायू थेट केबिनमध्ये! त्याला वास नसतो. म्हणून थंडीच्या दिवसांत छोटा डिटेक्टर हवाच.

हवेतला जुना शत्रू: बर्फ

आपल्याकडे २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत बहुतेक छोट्या बाइकमध्ये कार्ब्युरेटर होता. या विमानात आजही आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद जागेतून हवा वेगाने जाताना तापमान एकदम घसरतं, कधीकधी ३० अंशांहूनही जास्त. त्यामुळे बाहेर २० अंश असताना, छान ऊन असतानाही हवा दमट असेल तर आत बर्फ जमू शकतो. हवेची वाट बंद होत जाते आणि इंजिन गुदमरतं.

लक्षण काय, तर काही न करता आरपीएम हळूहळू उतरतो. उपाय म्हणजे कार्ब्युरेटर हीटची खुंटी पूर्ण बाहेर ओढायची, की गरम हवा आत जाते. गंमत अशी, की खुंटी ओढल्यावर इंजिन आधी अजून वाईट चालतं, खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. नवखा पायलट घाबरून खुंटी परत आत ढकलतो, आणि नेमकी तीच चूक ठरते. थोडा धीर धरला तर इंजिन सुधारतं. हे आधी माहीत असणं हीच अर्धी सुरक्षितता.

मग त्या शनिवारी काय झालं?

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ते पेटवायला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं, एक मॅग्नेटो गेला तरी दुसरा असतो. उडण्याआधी १७०० आरपीएमवर एकेक बंद करून बघायचं. आरपीएम थोडा पडतो, ते नॉर्मल आहे. पण घट १२५ पेक्षा जास्त नको आणि दोघांमधला फरक ५० पेक्षा जास्त नको. आणि अजिबातच पडला नाही, तर तेही वाईट! म्हणजे तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये, आणि इंजिन बंद असताना कोणी पंख्याला हात लावला तर तो अचानक फिरू शकतो.

आमच्या वेळी एका बाजूला घट २०० च्या आसपास होती, शिवाय इंजिन थरथरत होतं. प्लगवर पेट्रोलमधल्या शिशाचा थर बसला की असं होतं. इंजिन जरा वेगात, पेट्रोल कमी करून चालवलं की बऱ्याचदा तो थर जळून जातो. त्याने तेही करून बघितलं, फरक पडला नाही. दोन्ही मॅग्नेटोंवर इंजिन व्यवस्थित चालत होतं. "उडालो असतो तर बहुतेक काही झालं नसतं," तो हँगरमध्ये म्हणाला. "पण मग दुसरा मॅग्नेटो कशासाठी ठेवलाय?"

मी गप्प झालो. कारण ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट फेल होत असताना "बहुतेक काही होणार नाही" म्हणून रिलीज पुढे ढकलणारा मीच होतो.

पुढच्या आठवड्यात प्लग काढले तर एकाच्या आतल्या चिनी मातीला तडा गेलेला. नवीन प्लग बसला, लॉगबुकमध्ये नोंद झाली. मी विचारलं, "आता जायचं?" तो म्हणाला, "आधी मी एकटा जाऊन येतो." दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात तो कधीच कोणाला सोबत नेत नाही, कारण दुरुस्ती करतानाही चुका होतात. अर्धा तास तो विमानतळाच्या वरच घिरट्या घालत राहिला. मी खाली कुंपणाला टेकून इंजिनाचा आवाज ऐकत होतो.

मग उतरला, ऑइल गळतंय का ते वाकून बघितलं आणि मला हात केला. मी आत बसलो, सीट पुढे घेतली आणि न सांगता अंग मागे-पुढे करून बघितलं. पिन अडकलेली होती.