क्रोसिनची भीती, डायक्लोवर भरवसा

गरोदर बाईने क्रोसिन घेतली की मूल ऑटिझम घेऊन जन्माला येतं, हे वाक्य सप्टेंबर २०२५पासून रत्नागिरीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी डोकं तापतं. एसटी स्टँडवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, अंगणवाडीच्या ओट्यावरही ऐकलं. सांगणारी माणसं वाईट नाहीत, काळजीपोटीच सांगतात. पण या काळजीपायी तापाने फणफणलेली सून गोळीशिवाय रात्र काढते, आणि तिचीच कंबर भरून आली की घरातलं कुणीतरी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकचं पाकीट आणून देतं, कारण ती काय, नुसती दुखण्याची गोळी! जिला घाबरायचं फारसं कारण नाही ती घराबाहेर, आणि जिच्यामुळे पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाला खरोखर धोका आहे तिला दार सताड उघडं.

आधी क्रोसिनचं बघू. क्रोसिन, डोलो, कालपोल ही सगळी पॅरासिटामोलचीच नावं. अमेरिकेत तेच औषध टायलेनॉल म्हणून विकलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकारांसमोर गरोदर स्त्रियांना सांगितलं की टायलेनॉल घेऊ नका, त्याचा ऑटिझमशी संबंध आहे. त्याची चित्रफीत दोन दिवसांत आपल्या मोबाइलवर आली. त्याच दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना जे पत्र पाठवलं, ते मात्र कुणी पुढे धाडलं नाही. पॅरासिटामोलमुळे ऑटिझम होतो असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, आणि गरोदरपणात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ताप-वेदनेच्या औषधांत सर्वांत सुरक्षित पर्याय हाच आहे, हे त्या पत्रातच लिहिलेलं होतं. दोन दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेनेही असा संबंध दाखवणारा ठोस पुरावा नसल्याचं जाहीर केलं.

मग हा संशय आला कुठून? तो हवेतून आला नाही, हे मान्य केलं पाहिजे. गरोदरपणात पॅरासिटामोल घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास झाले आणि त्यांतल्या काहींमध्ये गोळी घेतलेल्यांच्या मुलांत ऑटिझम आणि चंचलतेचा विकार थोडा जास्त दिसला. पण गोळी कुणी उगाच घेत नाही. ताप असतो, जंतुसंसर्ग असतो, अर्धशिशी असते. बाळाच्या मेंदूवर परिणाम त्या आजाराचा, आईकडून आलेल्या जनुकांचा की गोळीचा, हे अशा तुलनेतून सुटं करता येत नाही. ज्या दिवशी चिपळूणच्या बाजारपेठेत सगळ्यात जास्त छत्र्या उघडलेल्या दिसतात, त्याच दिवशी वाशिष्ठीला पूर येतो; म्हणून पूर छत्र्यांनी आणला असं कुणी म्हणत नाही.

हा गुंता सोडवायला संशोधकांनी सख्खी भावंडं घेतली. आई तीच, घर तेच, जनुकंही बरीचशी तीच. फक्त एका खेपेला तिने पॅरासिटामोल घेतलं होतं आणि दुसऱ्या खेपेला नव्हतं. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदींवर हे काम झालं आणि एप्रिल २०२४मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. साधी तुलना केली तेव्हा दहा वर्षांच्या वयापर्यंत ऑटिझमचं प्रमाण गोळी न घेतलेल्यांच्या मुलांत १.३३ टक्के आणि घेतलेल्यांच्या मुलांत १.५३ टक्के आलं. फरक एवढाच, आणि भावंडांची आपसांत तुलना केल्यावर तोही पुसला गेला. चंचलतेचा विकार आणि बौद्धिक अक्षमता यांचंही तेच झालं. या अभ्यासाला मर्यादा आहे: स्वीडनमध्ये पॅरासिटामोल दुकानात सहज मिळतं, त्यामुळे प्रत्येक गोळीची नोंद होत नाही. पण पुढे जपानमध्ये दोन लाखांहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासातही भावंडांच्या तुलनेत संबंध दिसला नाही.

आणखी एक साधी गोष्ट. लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं ते १९४३मध्ये, आणि पॅरासिटामोल घरोघरी पोचलं ते १९५५नंतर. ज्या मुलांकडे पाहून हा विकार ओळखला गेला, त्यांच्या आयांनी ही गोळी पाहिलीही नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण ती झाकली तर आपणही चित्रफितवाल्यांसारखेच ठरू. पॅरासिटामोल वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं. एडिनबरामध्ये २०१५ साली मानवी गर्भाच्या वृषणाची ऊती उंदरांत रुजवून एक प्रयोग झाला. सात दिवस दिवसातून तीनदा पॅरासिटामोल दिल्यावर टेस्टोस्टेरॉन सुमारे ४५ टक्क्यांनी उतरलं. एकच दिवस दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. २०२१मध्ये ९१ शास्त्रज्ञांनी मिळून निवेदन काढलं, त्याचा सूर असा की गरज असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्या. हे अगदी रास्त आहे, आणि आपले डॉक्टर आधीपासून तेच सांगत आलेत. डोकं जरा जड वाटतं म्हणून आठवडाभर रोज गोळी खाणं चूकच. पण १०२ ताप असताना ‘बाळासाठी सहन कर’ म्हणणं ही त्याहून मोठी चूक.

कारण ताप हा काही निरुपद्रवी पाहुणा नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत, बाळाची मज्जानलिका बंद होत असते त्या काळात, आईला चढलेल्या तीव्र तापाचा संबंध मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांशी लावला गेला आहे. त्यात आपलं कोकण. जूनला चिखलणी सुरू झाली की पोटुशी बाईही गुडघाभर पाण्यात लावणीला उभी असते. पायाला कुठे चीर पडलेली असते, पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि ताप, अंगदुखी, लाल डोळे घेऊन लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, घरात शिरतो. त्याच दिवसांत डेंग्यू आणि मलेरियाही असतात. अशा वेळी ताप उतरवायला पॅरासिटामोल, आणि त्याच दिवशी रक्ततपासणीसाठी आरोग्य केंद्र, दोन्ही हवं. गोळीने ताप उतरला म्हणून घरी थांबणंही धोक्याचंच. जाता जाता: लेप्टो होऊ नये म्हणून वाटतात त्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या गरोदर बाईने स्वतःहून घ्यायच्या नसतात; वाटणाऱ्या आशाताईंना दिवस गेल्याचं आधी सांगायचं.

आणि इथेच ती ‘नुसती दुखण्याची गोळी’ घात करते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, अ‍ॅसिक्लोफेनॅक, पाळीच्या दुखण्यावर मुली घेतात त्या मेफ्टालमधलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड, हे सगळं एक कुटुंब. पॅरासिटामोल या कुटुंबातलं नाही. लेप्टोमध्ये मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, डेंग्यूमध्ये रक्तस्रावाची भीती असते, आणि ही औषधं दोन्हीकडे भर घालतात. हे झालं आईपुरतं. बाळाचं प्रकरण वेगळं आहे.

ही औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे सूज आणि वेदना कमी होतात. पण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच द्रव्यांवर चालतो. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्याच लघवीचं असतं. मूत्रपिंड मंदावलं की लघवी घटते आणि पाणी उतरतं. पाणी फार काळ कमी राहिलं तर बाळाच्या फुप्फुसांची वाढ खुंटते, हातपाय आखडतात. सोनोग्राफीत ‘पाणी कमी आहे’ असं निघालं की घरात शहाळ्यांचा ढीग लागतो, सासूबाई उठता-बसता पाणी पाजतात. गेल्या आठवड्यात कंबरेसाठी कोणती गोळी घेतलीस, हे मात्र कुणी विचारत नाही. ते पहिल्यांदा विचारा, कारण बऱ्याचदा गोळी थांबवली की पाणी पुन्हा भरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १५ ऑक्टोबर २०२०ला याच कारणासाठी ही औषधं २० आठवड्यांनंतर टाळा असा इशारा दिला. ३० आठवड्यांनंतर टाळण्याचा इशारा त्याआधीपासूनच होता, आणि त्याचं कारण हृदय. बाळाच्या हृदयाजवळ एक छोटी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते, आणि या गोळ्यांनी ती अवेळी मिटू शकते.

डायक्लोफेनॅक हे नाव कोकणाला गिधाडांमुळे माहीत असायला हवं. गुरांना टोचलेलं हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन भारतातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. उरलेल्या गिधाडांसाठी आपल्या जिल्ह्यातली, चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था वर्षानुवर्षं राबली. गिधाडाचं शरीर वेगळं आणि गर्भाचं वेगळं, हे उघड आहे. पण ज्या औषधाला आपण इतकं साधं समजतो ते मूत्रपिंडाशी काय करू शकतं, एवढं तरी त्यातून कळावं.

‘पहिले तीन महिने सांभाळले की पुढे काही घेतलं तरी चालतं’ ही समजूत म्हणूनच घातक आहे. या गोळ्यांचा खरा धोका त्या तीन महिन्यांनंतर, नेमका कंबर दुखायला लागते तेव्हाच वाढतो. पाकीट उलटं करून मागचं वाचा. कॉम्बिफ्लामवर पॅरासिटामोल ३२५ मि.ग्रॅ. दिसतं आणि जिवाला बरं वाटतं. त्याच्याच शेजारी आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. लिहिलेलं असतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामोल असतं, तेव्हा दोन्ही एकदम घेतल्या तर मात्रा नकळत दुप्पट होते.

मलम किंवा स्प्रे कातडीवरच राहतो, हेही खोटं. त्यातलं डायक्लोफेनॅक थोडं का होईना रक्तात उतरतं, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत तेही लावू नये. वैदूकडच्या बिननावाच्या पुडीत झाडपाला असतो म्हणून ती निर्धोक, यावर तर अजिबात विसंबू नका; अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली देशभर वारंवार सापडली आहेत. बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या आईने दुखणं सोसत राहायचीही गरज नाही; पॅरासिटामोल आणि आयबुप्रोफेन दोन्ही तेव्हा डॉक्टर देतात.

एका गोळीबद्दल मात्र उलटी चूक होते. रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या गरोदर स्त्रीला डॉक्टर कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन, ७५ किंवा १५० मि.ग्रॅ., रोज घ्यायला सांगतात. कुणीतरी सांगतं की ही पेनकिलर आहे, आणि बाई ती परस्पर बंद करते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या स्त्रियांना १५० मि.ग्रॅ. अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर विकाराचं, प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. ही गोळी तिच्यासाठी आहे आणि बाळासाठीही. ती डॉक्टरांनीच सुरू करायची आणि डॉक्टरांनीच थांबवायची.

आणि सगळ्यात जीव तुटतो तो एका प्रश्नाने: ‘दिवस गेलेत हे कळायच्या आधी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या, आता पाडावं लागेल का?’ नाही. सुरुवातीच्या दिवसांत नकळत घेतलेल्या दोन-चार वेदनाशामक गोळ्या हे गर्भपाताचं कारण होत नाही. गोळीचं नाव, किती घेतल्या आणि कधी, एवढं माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा. घरचं माणूस मेडिकलच्या काउंटरवर गेलं, तर त्याचं पहिलं वाक्य ‘घरात बाई गरोदर आहे, पाचवा महिना चालू आहे’ हे असू द्या, आणि गोळीचं नाव त्यानंतर.