केडगांवच्या जुन्या इमारती

विद्यार्थिमित्रांनो, जुनी इमारत टिकते ती कशानें? चुना व दगड यांनीं, असें उत्तर सहज येईल. आम्हांस तें अपुरें वाटतें.

अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं नावू नांवाचें गांव आहे. १८३९ सालीं मॉर्मन पंथाचे लोक तेथें वसले. शेजाऱ्यांच्या विरोधामुळें १८४६ सालीं बहुतेकांस तें सोडावें लागलें. त्यांचीं कांहीं विटांचीं घरें अद्याप उभीं आहेत व प्रवासी तीं पाहावयास जातात. परंतु त्या वेळचे संसार तेथून उठले ते उठलेच.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रांत आहे. उमापूरहून शेवगांव व अहिल्यानगरवरून दौंडास जावें. तेथून पुण्याच्या वाटेवर केडगांव लागतें. (अहिल्यानगरला लागून असलेलें केडगांव निराळें.) तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे.

रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत जाऊन त्यांनीं पुष्कळ निराधार मुली आणिल्या. पुण्यांत प्लेग पसरल्यामुळें त्यांस शहरांत ठेवितां येईना. तेव्हां केडगांवच्या शेतांत त्यांची तात्पुरती सोय केली. पुढें १८९८ सालीं मुक्ति सदन उभें राहिलें. नंतर मोठें प्रार्थनामंदिर झालें. १९०० च्या दुष्काळांत गुजरातेंतूनहि मुली आल्या व आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. या इमारती इतक्या ऐसपैस कां, हें यावरून उलगडतें.

येथील छापखान्यांत मुलीच खिळे जुळवीत. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांची समाधि तेथेंच आहे.

पालकहो, पाऊस हुकला म्हणजे निराधार बाईचें घर आधीं मोडतें, हें आपणा बीड जिल्ह्यांतील लोकांस सांगावयास नको. अशा घर मोडलेल्या स्त्रिया व मुलें आजहि मुक्ति मिशनांत राहतात. म्हणून आम्हीं सहलीस जातांना आधीं परवानगी मागावी, पाहुण्यासारखें वागावें व राहणाऱ्यांच्या खोल्यांत डोकावूं नये. ज्या कामासाठीं भिंती बांधिल्या तें काम चालू असलें, म्हणजे पडलेला गिलावा पुन्हा लावण्यास कोणी तरी असतें. इमारत टिकते ती अशी.