पाण्याचे चार थेंब

आमच्या वसईत देवळाची घंटा आणि चर्चची घंटा एकाच कानानं ऐकत आम्ही वाढलो. तरी शेजारच्या घरातला 'बाप्तिस्मा' म्हणजे माझ्या लेखी बारसंच. पांढरा झगा, केक, जेवण. त्यापलीकडे मी कधी विचारलं नाही.

2011 च्या जुलैत शेजारणीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. बाळ काचेच्या पेटीत. डॉक्टर म्हणाले, रात्र कठीण आहे. नवरा रक्त आणायला गेलेला, सासूबाई गावी, फादर पावसात हायवेवर अडकलेले. सिझेरियन झालेली ती बाई पडल्या पडल्या माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तिला पाणी तुम्ही द्या."

मी चरकलेच. घरी रोज देवपूजा करणारी मी, माझ्या हातून हे कसं चालेल? फादरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "जिवावरचा प्रसंग असला की कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायची इच्छा मनात हवी, एवढंच." बाळाचं नाव घ्यायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा देते म्हणायचं आणि तीनदा डोक्यावर पाणी घालायचं. नुसतं बोट ओलं करून टेकवलेलं चालत नाही, पाणी ओघळलं पाहिजे!

डॉक्टरांना विचारून सिस्टरनं सिरिंजमध्ये कोमट पाणी दिलं. माझा हात इतका कापत होता की दोन थेंब चादरीवरच गेले.

तिची एवढी तगमग का, ते मला नंतर कळलं. बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल स्वर्गाबाहेरच राहतं, हे तिनं आजीकडून ऐकलेलं. खरं तर 2007 मध्येच व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगानं सांगितलं होतं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. पण आजीचं बोलणं आयोगाच्या कागदानं थोडंच पुसतं? फादरांनी मला अर्थ समजावला तो असा: या पाण्यानं आदिपाप धुतलं जातं, माणूस ख्रिस्ताबरोबर मरून नव्यानं जन्मतो आणि चर्चच्या कुटुंबातला होतो. म्हणून तो आयुष्यात एकदाच. नाव ठेवणं हा त्यातला लहानसा भाग.

घरी सासूबाईंना सांगताना धाकधूक होती. त्यांनी एवढंच विचारलं, "पोर बरी आहे ना?"

पोर वाचली. तीन महिन्यांनी चर्चमध्ये सोहळा झाला. पवित्र तेल लावलं, पांढरं वस्त्र दिलं, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवली. पाणी मात्र पुन्हा घातलं नाही. रुग्णालयातलंच खरं धरलं. धर्ममाता झाली तिची मावशी, कारण तिथे कॅथलिकच लागते. पाणी घालायला मी चालले, धर्ममाता व्हायला नाही! जरा गंमत वाटली, पण नियमामागचं कारण पटलं. मुलीला त्या श्रद्धेत वाढवायची जबाबदारी मी कशी घेणार?

दर नाताळला ती फराळाचं ताट घेऊन येते. गेल्या वर्षी उंबऱ्यातच थांबून विचारत होती, "काकू, मी तेव्हा रडले होते का हो?"

रडली होती. अगदी मांजराच्या पिल्लासारखी.