एंडोस्कोपीची भूल: कोणती घ्यायची आणि घरी कोण नेणार?

समजा, तुम्ही दम्माममध्ये एकटे राहता. पोटातली जळजळ थांबत नाही म्हणून डॉक्टरांनी एंडोस्कोपी सांगितलीय. भुलीचं विचारलं की आपण पटकन म्हणतो, "झोपवूनच करा." पण पर्याय एकच नसतो.

पहिला पर्याय म्हणजे घशात फक्त लिडोकेनचा स्प्रे. घसा बधिर होतो, तुम्ही पूर्ण जागे. उमासे येतात, पाच-दहा मिनिटं नकोशी जातात, पण जठराच्या साध्या तपासणीला हे पुरू शकतं. घशाची बधिरता गेल्यावरच पाणी प्यायचं. डोकं मात्र ताळ्यावर असतं.

दुसरा, शिरेतून मिडॅझोलाम, बरेचदा फेंटानिलच्या जोडीने. गुंगी येते, पण हाक मारली तर तुम्ही ओ देता. मिडॅझोलाम आठवणही पुसतं, त्यामुळे डॉक्टर नंतर काय बोलले ते संध्याकाळी आठवेलच असं नाही. डोस जास्त झाला तर उतारा आहे: मिडॅझोलामवर फ्लुमाझेनिल, फेंटानिलवर नॅलोक्सोन.

तिसरा, प्रोपोफॉल. मिनिटभरात झोप, थांबवल्यावर थोड्याच मिनिटांत जाग. म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण त्यावर उतारा नाही, आणि गाढ झोप कधी श्वास थांबण्यापर्यंत जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे फक्त तुमच्या श्वासाकडे बघणारं वेगळं प्रशिक्षित माणूस लागतं. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधीच सांगा.

अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळालेलं रेमिमॅझोलाम लवकर उतरतं, आणि फ्लुमाझेनिल त्यावरही चालतं.

मग चांगलं कोणतं? आधी दोन गोष्टी बघा. एक, घरी कोण नेणार? जाग आली म्हणजे औषध उतरलं असं नाही. स्प्रे सोडून बाकी कशानंतरही सहसा 24 तास गाडी, मशीन आणि महत्त्वाची सही टाळायला सांगतात. जुबैलच्या कॅम्पवरून एकट्याने आलेल्या माणसाला हे जड जातं. दोन, सूचना कोणत्या भाषेत? गुंगीत "दीर्घ श्वास घ्या" हे कळावं लागतं. नर्सशी आधीच खूण ठरवून ठेवा.

माझी वेळ आली तेव्हा सोबतीला कोणी नव्हतं, म्हणून मी स्प्रे घेतला. मजा नव्हती, पण निभावलं. मी पीएचडीवाला डॉक्टर, औषध देणारा नव्हे. तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या, फक्त हे प्रश्न आदल्या दिवशीच विचारा.