कट-ऑफ किती लागेल?

सप्टेंबरमधल्या एका रविवारी दुपारी आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीला आणायला मी परीक्षाकेंद्रावर गेलो होतो. पेपर सुटला. मुलं बाहेर आली ती पालकांकडे न जाता आधी एकमेकांकडे गेली. कुणी प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात उत्तरं टिपून आणली होती, कुणी चक्क तळहातावर. “शेवटून तिसऱ्याचं किती आलं?” “अरे, माझं तर वेगळंच आलंय!” दहा मिनिटं हा गलका चालला. मग कुणीतरी विचारलं, “कट-ऑफ किती लागेल?” एका उंच मुलाने ठामपणे एक आकडा सांगितला. तो ऐकून आमच्या मुलीचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही.

परीक्षा होती आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची आपल्या देशातली पहिली पायरी. तीन तासांत तीस प्रश्न आणि एकूण १०० गुण : दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीन गुणांचे आणि दहा पाच गुणांचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली एक पूर्ण संख्या असते आणि तिचे दोन अंक गोळे रंगवून दाखवायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. यातून निवडलेली मुलं विभागीय परीक्षेला बसतात, तिथून राष्ट्रीय परीक्षेला, आणि शेवटी सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जातो.

फाटकाबाहेर मुलं दोन प्रश्न विचारतात : ‘उत्तर किती’ आणि ‘कट-ऑफ किती’. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकेक आकडाच असल्यामुळे ते सारखे वाटतात. पण पहिल्या प्रश्नात पुष्कळ गणित आहे. दुसऱ्यातही आहे, मात्र मुलं करतात ते नव्हे.

आधी पहिला प्रश्न पाहू. त्या पेपरातलं नव्हे, पण त्याच धाटणीचं एक उदाहरण घेऊ. क² − ख² = ९६ हे समीकरण पूर्ण करणाऱ्या, क आणि ख हे धन पूर्णांक असलेल्या, जोड्या किती? वर्गात हे उदाहरण दिलं तर बहुधा तीन उत्तरं येतील : ६, ४ आणि १६. या तिन्ही उत्तरांमागे काहीतरी विचार आहे.

सहा म्हणणाऱ्याने डाव्या बाजूचे (क − ख)(क + ख) असे अवयव पाडले. मग ९६ हा दोन संख्यांचा गुणाकार किती प्रकारे लिहिता येतो ते पाहिलं : १×९६, २×४८, ३×३२, ४×२४, ६×१६, ८×१२. झाले सहा. चार म्हणणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकलं. क − ख = १ आणि क + ख = ९६ मानलं तर बेरीज करून २क = ९७ येतं, आणि क पूर्णांक राहत नाही. (क − ख) आणि (क + ख) यांच्यातला फरक २ख, म्हणजे सम. तेव्हा दोन्ही अवयव एक तर सम हवेत, नाही तर विषम. १×९६ आणि ३×३२ गळतात. उरतात (२५, २३), (१४, १०), (११, ५) आणि (१०, २). सोळा म्हणणाऱ्याला हे सगळं कळलेलं असतं, पण ‘धन’ हा शब्द त्याने वाचलेला नसतो. ऋण संख्याही चालत असत्या तर प्रत्येक जोडीच्या चार झाल्या असत्या, म्हणजे त्याचं गणित बरोबर, वाचन चूक.

उत्तरसूचीत फक्त ०४ छापलेलं असेल. सहावाला आणि सोळावाला या दोघांनाही शून्य. पण शिक्षकाच्या दृष्टीने या दोन शून्यांत केवढा फरक आहे! एकाला सम-विषमतेचा विचार शिकवायचा आहे, दुसऱ्याला फक्त सावकाश वाचायला सांगायचं आहे. (बरोबर चार काढून ०४ ऐवजी ४० रंगवणारा चौथा विद्यार्थीही असतो, त्याच्यासाठी माझ्याकडे सहानुभूतीपलीकडे काही नाही.) शिवाय पुढच्या, म्हणजे विभागीय परीक्षेत नुसतं उत्तर चालत नाही, प्रत्येक पायरीचं कारण लिहावं लागतं. “तुझं सहा चूक का?” हे मित्राला पटवून देणं हीच तिची तयारी. फाटकाबाहेरचा तो गलका म्हणून मला मोलाचा वाटतो. तो दहा मिनिटांत संपतो, याचंच वाईट वाटतं.

आता दुसरा प्रश्न. कट-ऑफ म्हणजे उत्तीर्ण होण्याचे ३५ गुण नव्हेत. जागा ठरलेल्या असतात. सगळ्यांचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे आणि शेवटच्या जागेवर जो येईल त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. तो विभागागणिक बदलतो आणि पेपर सोपा-अवघड असेल तसा दरवर्षीही बदलतो. किती बदलावा? आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचंच पाहा. तिथे सहा प्रश्न, प्रत्येकी सात, एकूण ४२ गुण. पदकं जास्तीत जास्त निम्म्या स्पर्धकांना द्यायची आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचं प्रमाण साधारण १ : २ : ३ ठेवायचं असा नियम आहे. १९९४ मध्ये हाँगकाँगला सुवर्णपदकासाठी ४० गुण लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या सहाही मुलांना पैकीच्या पैकी होते. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ऑलिंपियाड आपल्या मुंबईत भरलं. पेपर कमालीचा अवघड होता आणि सुवर्ण २८ गुणांना मिळालं. मुंबईतल्या २८ गुणांच्या मुलाला हाँगकाँगच्या मुलापेक्षा कमी गणित येत होतं, असं कोण म्हणेल?

मग फाटकाबाहेर सांगितला जाणारा आकडा येतो कुठून? बोलणाऱ्या मुलांच्या गुणांवरून. पण बोलतं कोण? समजा, १००० मुलं परीक्षेला बसली आणि १०० निवडायची आहेत. पहिल्या शंभरांपैकी निम्मी मुलं आपले गुण सांगतात, म्हणजे ५०. पुढच्या ३०० पैकी पाचवा हिस्सा सांगतो, म्हणजे ६०. उरलेल्या ६०० मधली बहुतेक गुपचूप घरी जातात. शंभरात पाच बोलतात, म्हणजे ३०. हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण कल असाच असणार. एकूण १४० जण बोलले. ‘दहात एक निवडतात’ हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून १४० मधल्या चौदाव्याचे गुण हाच कट-ऑफ धरला जातो. परंतु वरच्या मुलांपैकी निम्मीच बोलली असल्याने हा चौदावा खरं तर हजारात अठ्ठाविसावा आहे! शंभराव्याचे गुण शोधायचे होते, सापडले अठ्ठाविसाव्याचे. त्यात प्रत्येकाने स्वतःचे गुण मोजताना शंकेचा फायदा स्वतःलाच दिलेला असतो, त्यामुळे आकडा आणखी चढतो. नमुना कसा निवडला यावर निष्कर्ष कसा घसरतो हे शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि खरा कट-ऑफ कळल्यावर तरी, त्याच्या एक गुण खाली राहिलेल्या मुलाबद्दल आपल्याला काय कळतं? आमच्या प्रयोगशाळेत कुठलंही मोजमाप त्रुटीशिवाय लिहायचं नाही असा दंडक आहे. गुणपत्रिकेवर मात्र ती त्रुटी कुणी लिहीत नाही. ती किती असावी याचा अंदाज वर्गात सहा नाणी घेऊन करता येईल. अशी मुलगी कल्पा की जिला पाच गुणांचे सहा प्रश्न ‘जमले तर जमले’ असे आहेत. नाणी उडवा, प्रत्येक छाप्याला पाच गुण. सरासरी १५ येईल. पण एकूण ६४ शक्यतांपैकी ७ मध्ये पाच किंवा त्याहून कमी गुण पडतात, आणि तितक्याच शक्यतांमध्ये २५ किंवा त्याहून जास्त. मुलगी तीच, तयारी तीच. फरक वीस गुणांचा. वर्गातल्या चाळीस मुलांनी आपापले गुण फळ्यावर मांडले की हे न सांगताही दिसतं. निवड करणाऱ्यांना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या रेघेवरून मुलाला गणित येतं की नाही हे ठरवणं म्हणजे मोजपट्टीवर नको तितका विश्वास टाकणं झालं.

हे मला फार उशिरा समजलं. १९९० च्या दशकात मी विभागीय परीक्षा दिली. त्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या सात-आठ जणांत सर्वांत कमी प्रश्न मला सुटले होते. आता आपलं काही खरं नाही, असं ठरवून मी वही मिटली. पाच आठवड्यांनी निकाल लागला. यादीत माझं नाव होतं! राष्ट्रीय परीक्षेची तयारी करायला जे दिवस होते ते मी सात-आठ जणांच्या नमुन्यावर विश्वास ठेवून घालवले होते. त्या परीक्षेत अर्थातच माझा निभाव लागला नाही.

म्हणून आपल्या शाळेतून या परीक्षेला दोन-चार मुलं बसत असतील, तर सोमवारी त्यांना “किती पडतील?” असं न विचारता एखादा भांडणाचा प्रश्न फळ्यावर लिहावा. जितकी उत्तरं आली असतील तितकी नावांशिवाय शेजारी मांडावीत आणि ज्याचं त्याला आपल्या उत्तराची वकिली करू द्यावी. परीक्षेला न बसलेल्या मुलांनाही यात भाग घेता येतो. सहा उत्तर देणारा बहुधा त्यांच्यातही सापडतो. एक तास पुरत नाही, असा अनुभव आहे.

त्या रविवारी संध्याकाळी मी शेजारी डोकावलो. उंच मुलाचा आकडा अजून तिच्या डोक्यात होता. मी तो विषय न काढता वरचं ९६ चं उदाहरण एका कागदावर लिहून दिलं आणि परत आलो. रात्री साडेनऊला दार वाजलं. कागद पाठपोट भरला होता. चार जोड्या बरोबर होत्या, पण ती त्यासाठी आली नव्हती.

“काका, ९६ च्या जागी ९८ घेतले तर एकही जोडी मिळत नाही. १०० ला मिळते, ९९ ला मिळते. ९८ नेच काय केलंय?”