उत्सर्जन नियंत्रक साधने, जुन्या मोटारगाड्यांतील
पेट्रोल एंजिनातील अपायकारक वायू कमी करणारी साधने. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद (1882–1953) यांच्या प्रीमियर कंपनीच्या ‘पद्मिनी’ची मूळ रचना अशा साधनांच्या सक्तीपूर्वीची होती. चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक 1995 पासून आवश्यक झाला. शिसेयुक्त पेट्रोलमुळे त्यातील प्लॅटिनमावर शिशाचा थर बसतो. म्हणून 2000 मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत मुंबईहून सोलापूरसारख्या शहरी आणलेल्या गाडीचा परिवर्तक निकामी होण्याचा धोका असे. चोंदलेला परिवर्तक काढल्यास निष्कास वायूंना होणारा अडथळा दूर होऊन एंजिन मोकळे चालते. सुस्थितीतील परिवर्तक काढल्याने शक्ती नाममात्रच वाढते, कार्बन मोनॉक्साइड मात्र पुष्कळ. पुष्कळदा खरा दोष कार्ब्युरेटरच्या चुकीच्या जुळणीत असतो. एंजिनाच्या तळपेटीतील वायू हवागाळणीकडे नेणारी नळी बुजविल्यास आतील दाबाने तेल गळू लागते.