कच्ची आवृत्ती, पक्की आवृत्ती

मंडळी, गेल्या वेळी आपण अनुमानावर बोलत होतो. आजवर रोज सूर्य उगवला, म्हणून उद्याही उगवेल असं म्हणायला आधार काय, हा ह्यूमचा प्रश्न. आज तोच प्रश्न जरा घरगुती जागी नेऊ. आपण रोज वापरतो त्या ब्राउझरची चाचणी आवृत्ती संगणकावर घ्यावी का? तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्याने यात कशाला पडावं, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण जरा धीर धरा.

फायरफॉक्सचं उदाहरण घेऊ. प्रोग्रामर मंडळींनी केलेला बदल आधी 'नाइटली' आवृत्तीत येतो. नावात रात्र असली तरी साधारण दिवसातून दोनदा नवी प्रत तयार होते. तिथून बीटा, मग पक्की आवृत्ती. २०२० पासून ही एकेक पायरी सुमारे चार आठवड्यांची आहे. क्रोममध्ये सगळ्यांत कच्च्या पायरीला 'कॅनरी' म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. माणसाआधी तो कासावीस व्हायचा. ब्रिटनमध्ये ही चाल १९८६ पर्यंत होती. नाव ठेवणाऱ्याने प्रामाणिकपणा केला म्हणायचा! फक्त त्या पक्ष्याला कोणी विचारलं नव्हतं. आपण मात्र स्वतःहून पिंजऱ्यात शिरतो. तेव्हा कशाला 'हो' म्हणतोय ते माहीत हवं. ब्राउझर मध्येच बंद पडेल, हे एक. दुसरं, ब्राउझर कसा वापरला जातो याची माहिती नाइटली आपणहून पाठवते. सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं.

नाइटली उतरवणं सोपं आहे. ती नेहमीच्या फायरफॉक्सशेजारी, वेगळ्या चिन्हाने बसते. खरी मेख 'प्रोफाइल'मध्ये आहे. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, सेटिंग्ज हे सगळं ज्या फोल्डरात राहतं ते प्रोफाइल. २०१९ च्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सची प्रत्येक प्रत आपलं वेगळं प्रोफाइल वापरते. जुनं प्रोफाइल आपण मुद्दाम नव्या प्रतीत उघडलं, तर नंतर जुनी प्रत ते घ्यायला नकार देते, कारण नव्याने आतल्या फायलींची रचना बदललेली असू शकते. त्यात सिंक चालू असेल तर एकीकडे पुसलेलं दुसरीकडेही पुसलं जातं.

आम्ही एका ब्राउझरच्या (नाव सोडून द्या) चाचणी प्रतीत हाच शहाणपणा केला होता. अकरा वर्षं जमवलेले न्यायदर्शनावरच्या लेखांचे बुकमार्क गेले. प्रत काढून ठेवली नव्हती, त्यामुळे दोष कुणाला देणार? विद्यार्थ्यांना आयुष्यभर 'पुरावा जपा' म्हणून सांगितलं, आणि घरात ही तऱ्हा. तेव्हा आधी प्रोफाइलच्या फोल्डरची नक्कल पेन ड्राइव्हवर, मग पुढचं. बँकेचं काम पक्क्या आवृत्तीतच करायचं.

मग हा उपद्व्याप करायचा तरी का? इथे आपल्या भाषेचा संबंध येतो. मराठीतला 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीतल्यापेक्षा वेगळी. पान मराठी आहे हे पानाने सांगितलेलं असेल आणि फॉन्टमध्ये ती वळणं असतील, तरच ब्राउझर ती दाखवतो. समजा, एखाद्या बदलाने हे बिघडलं. देवनागरी न वाचणाऱ्याला पान ठीकच वाटणार. आपल्यापैकी कोणी कच्ची प्रत वापरत नसेल, तर तो बिघाड तसाच पक्क्या आवृत्तीत उतरेल आणि सगळ्यांच्या पानांवर दिसेल.

पॉपरच्या भाषेत, हजार पानं नीट उघडली म्हणून ब्राउझर निर्दोष ठरत नाही. एक मोडलेलं जोडाक्षर तो सदोष आहे हे दाखवायला पुरतं. दोष कुठल्या दिवशी शिरला हे शोधायची रीतही तर्काचीच आहे. शंभर प्रती असतील तर मधली तपासायची: दोष दिसला तर आधीच्या निम्म्यांत, नाही तर नंतरच्या निम्म्यांत. सात वेळांत नेमकी प्रत सापडते. यासाठी 'मोझरिग्रेशन' नावाचं तयार साधनही आहे.

बगझिलावर कळवताना 'मराठी नीट दिसत नाही' एवढंच लिहू नका. कुठलं पान, कुठलं अक्षर, कुठला फॉन्ट, कुठल्या तारखेची प्रत, कसं दिसायला हवं होतं, आणि सोबत पडद्याचं चित्र. एवढं दिलं तर देवनागरी न वाचणारा प्रोग्रामरही कामाला लागू शकतो. आता प्रश्न घेऊ.